भट्टीपुढचे समाधान

कामगार समाधानी का नाही, या चिंतेने कारखानदारांना अलीकडे ग्रासले आहे. ओतकामाच्या धंद्यात तर ही तक्रार नित्याचीच झाली आहे. माणसे टिकत नाहीत, काम शिकली की निघून जातात, स्थानिक तरुण भट्टीकडे फिरकतही नाहीत! तक्रारीपाठोपाठ उपायही येतात. प्रश्नावली वाटाव्यात, महिन्याला एका कामगाराचे छायाचित्र फलकावर लावावे, दसऱ्याला मिठाईचा पुडा द्यावा. कामाच्या रचनेतच काही दोष असेल, ही शंका या उपायांत कोठेही डोकावत नाही. दोष कामगाराच्या मनात आहे असे गृहीत धरूनच सारी चिकित्सा चालते.

या चिकित्सेला शास्त्राचा आधार असल्याचे सांगितले जाते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेला सिद्धांत व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. वेतन आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर माणूस असंतुष्ट होतो. पण ती सुधारल्याने समाधान लाभतेच असे नाही, ते कर्तृत्वातून, जबाबदारीतून आणि कामाची कदर होण्यातून लाभते, असे त्याचे सार. यातील सोयीचा अर्धा भाग मालकवर्गाने उचलला. वेतनवाढीने समाधान येत नसेल, तर ती द्यावी कशाला? कर्तृत्व आणि जबाबदारी यांचा उरलेला अर्धा भाग पुस्तकातच राहिला. शिवाय ज्यांच्या मुलाखतींवर हा सिद्धांत उभा राहिला, ते सुमारे २०० जण पिट्सबर्ग परिसरातील अभियंते आणि हिशेबनीस होते. पोलादाच्या त्या नगरीत भट्टीपुढच्या मजुराचे म्हणणे या पाहणीत आलेच नाही!

भट्टीपुढे काय चालते, हे पाहायला कोल्हापूर पुरेसे आहे. ऑइल इंजिनांच्या निर्मितीबरोबर येथे ओतकामाचा धंदा वाढला. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील ओतशाळांतून मोटारी व ट्रॅक्टर यांचे बिडाचे सुटे भाग दूरदूर जातात. या धंद्याचा पाया कामगाराच्या हातातील ज्ञान हाच आहे. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी यांचे मिश्रण मुठीत दाबून व मग मोडून जाणता मोल्डर ओलाव्याचा अंदाज घेतो. पाणी जास्त झाले तर वाफ कोंडून ओतीव वस्तूत पोकळ्या राहतात. कमी पडले तर साचा ढासळतो. सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस साच्यात किती वेगाने सोडायचा, हे ठरवायला क्षणाचीही उसंत नसते. थंड झालेला साचा फोडल्यावर निर्दोष वस्तू हाती येते, तेव्हा त्या कारागिराला लाभणारे समाधान अस्सल असते. ते कोणा व्यवस्थापकाने बहाल केलेले नसते.

मग हे समाधान जाते कोठे? याचे उत्तर मानसशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात शोधावे. ओतीव मालाचा भाव बहुधा किलोवर ठरतो आणि तो ठरविताना मोठ्या खरेदीदार कंपन्यांचा शब्द वजनदार असतो. कच्चे लोखंड, भंगार आणि वीज यांचे दर लहान ओतशाळेच्या मालकाच्या हाती नसतात. दोन्ही बाजूंनी आवळला गेलेला हा मालक काटकसरीला जागा शोधतो, ती मजुरीत. काम ठेकेदाराकडे जाते, ठेकेदार ते नगावर किंवा वजनावर वाटतो, आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेला मजूर ते अंगावर घेतो. माल खराब निघाला तर अनेक ठिकाणी मजुरी कापली जाते. पण वाळू कोणती आणायची, मिश्रण कसे करायचे, रस किती तापवायचा, हे त्या मजुराला कोणी विचारत नाही. निर्णय एकाचा आणि दंड दुसऱ्याला! अशा व्यवस्थेत कारखान्याविषयी आपलेपणा उपजावा, ही अपेक्षाच निर्लज्ज आहे.

याहून गंभीर गोष्ट धुळीची. साचे फोडताना आणि फेटलिंग विभागात ओतीव वस्तू घासताना उडणारी सिलिकाची सूक्ष्म धूळ फुफ्फुसात साचते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तो बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होतो, आणि पुष्कळदा क्षयरोग समजून त्यावर उपचार होतात. तोवर मजूर गावी परतलेला असतो, ठेकेदार बदललेला असतो, हजेरीपत्रक कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नसते. कागदोपत्री नुकसानभरपाईचा हक्क शाबूत असतो. मागायची कोणाकडे, एवढाच प्रश्न उरतो! ज्या श्वासावर आयुष्य चालायचे तोच गहाण टाकून मिळालेल्या रोजगारात माणसाने समाधान शोधावे, असे सांगणाऱ्यांनी एक पाळी फेटलिंगच्या यंत्रापाशी उभे राहावे.

यंत्रे येत आहेत, हळूहळू हे सारे सुधारेल, असे यावर सांगितले जाते. यंत्राने कष्ट आणि धूळ कमी होते, हे निर्विवाद आहे. क्युपोलाच्या धुराविषयी हळहळण्याचे कारण नाही. परंतु यंत्राबरोबर मोल्डरचे ज्ञान यंत्रचालकाच्या कक्षेत जाते की कामगाराला नवे शिक्षण देऊन त्याच्याच हाती राहते, हे यंत्र ठरवीत नाही. यंत्राचा मालक ठरवितो. धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवायची की नाही, हेही तोच ठरवितो.

कायद्याने या ठरविण्यात कामगाराला किंचित शिरकाव दिला होता. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे मार्गदर्शक तत्त्व राज्यघटनेत आणले. भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाने कायदा दुरुस्त झाला, ओतशाळा धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आल्या आणि सुरक्षा समितीत कामगारांना समान प्रतिनिधित्व मिळाले. धोका दिसल्यास सूचना देण्याचा हक्कही मिळाला. मात्र काम थांबविण्याचा नाही. २०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेने सूचनेचा हक्क ठेवला, पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी केंद्रीय कायद्यातील मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर. लहान ओतशाळा आणि लहान ठेकेदार जेथे अधिक, तेथेच संरक्षण पातळ झाले. याला सुलभीकरण म्हणतात!

मालकवर्गावर टीका करून कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. कामगार चळवळीने बोनस, महागाई भत्ता आणि वेतनकरार यांसाठी मोठे लढे दिले. पण काम कसे व्हावे हा प्रश्न तिने बव्हंशी मालकाचा मानला. कायम कामगारांची संघटना आणि कंत्राटी मजुरांचा जमाव, अशी भिंत तिच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. परप्रांतीय मजुराला संघटनेच्या कार्यालयाची पायरी दाखवायला कितीजण गेले?

म्हणून पुढील मागणीपत्रात वेतनाच्या बरोबरीने चार कलमे आली पाहिजेत. खराब मालाबद्दल मजुरीत कपात बंद व्हावी. ठेकेदार कोणीही असो, प्रत्येक मजुराची वार्षिक छातीतपासणी व्हावी आणि तिची नोंद त्याच्या हाती राहावी. जुन्या मोल्डरच्या कौशल्याला प्रमाणपत्र आणि नव्या यंत्रावरील शिक्षणात अग्रक्रम मिळावा. आणि लॅडल ओली असेल, तर ओतकाम थांबविण्याचा अधिकार कामगार प्रतिनिधीला असावा. कारण ओलाव्यावर रस पडला की स्फोट होतो, आणि स्फोट व्यवस्थापकाच्या परवानगीची वाट पाहत नाही. स्वीडनमध्ये तातडीचा गंभीर धोका दिसल्यास काम थांबविण्याचा अधिकार सुरक्षा प्रतिनिधीला १९७४ पासून आहे. त्यामुळे तेथील उद्योग बुडाले नाहीत.

यातील पहिले कलम मागायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिरोलीच्या एका ओतशाळेत कायम आणि कंत्राटी कामगार एकत्र बसले, तरी तेथून आरंभ होऊ शकतो.