चिखलातली मोटर

पावसाळा आला की दक्षिण गुजरातेत एका तापाचं नाव हमखास कानावर येतं: लेप्टोस्पायरोसिस. सुरत, नवसारी, वलसाड जिल्ह्यांतली भातशेती आणि उसाचे मळे हे त्याचं माहेरघर. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या पायावरच्या बारीकशा चिरेतून आत शिरतात. ‘शिरतात’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण हा जंतू स्वतः पोहतो.

लेप्टोस्पायरा म्हणजे स्प्रिंगसारखा पिळलेला बारीक धागा. त्याच्या दोन्ही टोकांना प्रथिनांची एकेक मोटर असते. तिची शेपटी इतर जिवाणूंसारखी बाहेर लोंबत नाही, वरच्या आवरणाखालीच असते. ती फिरली की सगळं अंगच वळवळतं. घोटीव कारागिरी आहे, जंतूची असली तरी!

अशा मोटरचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर. तिथे ती सेकंदाला ३०० च्या आसपास फेरे घेते. वीज नाही, पेट्रोल नाही. बाहेरून आत घुसणारे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे नुसते गाभे, तिला फिरवतात. २०२० मध्ये तिच्या चालक भागाची रचना स्पष्ट दिसली: मध्ये दोन प्रथिनं आणि भोवती पाच प्रथिनांचं कडं. प्रोटॉन मधल्या एका ठरावीक जागी टेकतो, तिथून आत सटकतो आणि कडं एक दात पुढे सरकतं. ते मोठ्या चाकाला ढकलतं.

पण प्रोटॉन तिथवर पोचतो कसा? इथे पाणी कामाला येतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ही पकड सैल असते, क्षणात सुटते, क्षणात दुसरीकडे जुळते. उधन्याहून भुसावळकडे जाणारी गच्च भरलेली गाडी आठवा. या दारातून एक जण घुसला की त्या दारातून भलताच कुणीतरी बाहेर पडतो. प्रोटॉनचंही तसंच. एका रेणूने घेतला की तो आपल्याकडचा दुसरा पुढे ढकलतो. म्हणून पाण्यात प्रोटॉन सोडियमपेक्षा सुमारे सातपट चपळ असतो. मोटरच्या अरुंद वाटेतही पाण्याच्या मोजक्या रेणूंची अशीच साखळी असावी, असं संगणकावरची प्रारूपं सुचवतात. मोटर जोडलेली नसेल तेव्हा या वाटेला बूच असतं, नाहीतर प्रोटॉन फुकट गळाले असते.

लेप्टोची मोटर याच घराण्यातली. शास्त्रज्ञांनी तिच्या शेपटीतलं एक प्रथिन काढून टाकलं, तेव्हा जंतू जिवंत राहिला, पण त्याचं पोहणं बंद पडलं आणि हॅमस्टरना तो आजारीही पाडू शकला नाही.

सुट्टीत गावाकडच्या शेतात उतरणार असाल तर गमबूट घाला, पायावरची जखम झाका. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘चिखलात उतरलो होतो’ हे आधी सांगा. औषध लवकर सुरू झालं तर बरं, आणि नुसत्या तापावरून हा आजार ओळखू येत नाही.