अफूचे शेत आणि मंत्र्याचे घर

अमली पदार्थांविरुद्धचा लढा नेमका कोठे लढायचा, हा प्रश्न ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीवरील ‘ट्रॅफिक’ या १९८९ सालच्या सहा भागांच्या मालिकेने विचारला होता. पाकिस्तानात पोटासाठी अफू पिकविणारा फझल, हॅम्बर्गमध्ये पतीच्या अटकेनंतर त्याचा हेरॉइनचा व्यवहार हाती घेणारी हेलन आणि अफूची शेती थांबावी म्हणून पाकिस्तानला जाणारा ब्रिटिश मंत्री जॅक लिथगो, ही तिची तीन कथासूत्रे. या मंत्र्याची कन्याच हेरॉइनच्या आहारी गेलेली असते!

फझलविषयीची सहानुभूती अनेक प्रेक्षकांना खटकेल. विष पिकविणाऱ्याची कीव कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. पीक नष्ट झाल्यावर फझल सन्मार्गाला लागत नाही. तो कराचीतील तस्कराच्या पदरी चाकरीला राहतो. शेत उजाड झाले, बाजार अबाधित राहिला. याच कथेवर २००० साली निघालेल्या अमेरिकी चित्रपटाने चार ऑस्कर मिळविले. पण कथानक मेक्सिकोत नेताना त्यातून शेतकरीच वगळला गेला. मूळ मालिका अधिक सखोल ठरते ती याच कारणाने.

कायदा कठोर हवाच. तस्कराला दयामाया नको. परंतु मागणी जेथे जन्मते, त्या घरात पोलीस वेळेवर पोहोचू शकत नाहीत. तेथे आईवडिलांनीच जागे राहावे लागते. दूरदेशीच्या शेतावर नजर ठेवणाऱ्या लिथगोची दृष्टी मुलीच्या खोलीपर्यंत पोहोचली नाही. आपली पोहोचते का?