जिंकलेला मुलूख आणि मोजलेली जमीन

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. हे दोन दिनांक पाठ झाले की कंपनी सरकारच्या राज्यविस्ताराचा हिशेब पुरा झाला, असे आपल्या सुशिक्षित वर्गाला वाटते. पुण्यापुरता तो पुरा झालाही असेल. तापीकाठी मात्र त्या वर्षी तो जेमतेम सुरू झाला होता, आणि आमच्या मते तो अद्यापि मिटलेला नाही.

खानदेशाला धनी बदलण्याची सवय जुनी. थाळनेरास फारुकी घराण्याचा पाया चौदाव्या शतकात घातला गेला. १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियाल याच्या नावावरून या प्रांताला ‘दानदेश’ म्हणून पाहिले. १७५२ च्या भालकीच्या तहाने तापी-गोदावरीमधला निजामाचा मुलूख पेशव्यांकडे आला. यांपैकी प्रत्येकाने किल्ले, पेठा आणि महसूल घेतला. सातपुडा कोणीच पुरता घेतला नाही. घाटांची राखण भिल्ल नाईकांनी करावी आणि त्याबद्दल आपले हक्क उगवावेत, असा तो व्यवहार होता. पेशवाईच्या अखेरीस तो मोडला आणि भिल्लांच्या कत्तली झाल्या. हे आमच्याच लोकांनी केले. ते झाकण्यात अर्थ नाही.

कंपनीची रीत निराळी होती. तिची तलवार कागदाच्या मागून येत असे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपुरास होळकर हरले आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख त्यांनी कंपनीला लिहून दिला. त्या कागदाचा अर्थ थाळनेरच्या किल्लेदाराला सात आठवड्यांनी कळला. सर टॉमस हिस्लॉपची फौज २७ फेब्रुवारीस किल्ल्यापुढे उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा याने तोफा डागल्या, पुढे तो शरण आला. परंतु आतल्या दरवाजाशी घोटाळा होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले, तेव्हा शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी बुरुजावर फाशी दिले. तो शत्रू नव्हे, बंडखोर होता, असे समर्थन झाले. कारण तहान्वये किल्ला आधीच कंपनीचा झाला होता! ज्या किल्ल्याची चाकरी त्याने इमानाने केली, त्याच किल्ल्यात तो कागदाच्या एका फटकाऱ्याने परका ठरला. हा न्याय ब्रिटिश पार्लमेंटातील काही सभासदांच्याही गळी उतरला नाही, आणि हिस्लॉपच्या अभिनंदनाच्या वेळी थाळनेरचा प्रश्न निघालाच.

मालेगावच्या भुईकोटात अरबांनी जूनपर्यंत तग धरला, पुढल्या वर्षी अशीरगडही गेला. येथवरचा इतिहास बखरीत शोभेल असा आहे. खरा विस्तार यानंतरचा, आणि तो अगदी नीरस आहे. एल्फिन्स्टनच्या हाताखाली आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. नाईकांना नेमणुका देऊन, न ऐकतील त्यांचा पाठलाग करून, दोन्ही मार्ग चोखाळले गेले. तरी डोंगर शांत होईना. तेव्हा १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावास होते. औट्रम हा शूर आणि दिलदार अधिकारी होता, याविषयी आमचा वाद नाही. परंतु भिल्लाच्या हाती बंदूक देऊन भिल्लाचा डोंगर घेण्याची ही युक्ती पूर्वीच्या एकाही धन्याला सुचली नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर साखळी आली. १८५२ साली मोजणीमुळे सारा वाढणार, या भयाने सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील कुणबी बिथरले, मोजणी अडली, फौज आणावी लागली. मोजणी अखेर पार पडली. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात एके काळी कंपनीचाच राखणदार असलेला खाज्या नाईक उठला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीस भिल्लांचा मोड झाला. मग १८७८ चा वनकायदा. १८१८ साली ज्यावर फक्त नकाशाचा रंग चढला होता, ते रान या कायद्याच्या आधाराने सरकारच्या खात्यावर जमा होत गेले. पिढ्यान्पिढ्या तेथे कसणारा व राहणारा मनुष्य अतिक्रमणदार ठरला. थाळनेरचा किल्लेदार जसा बंडखोर ठरला, अगदी तसाच.

१९४७ साली निशाण बदलले, खाते बदलले नाही. त्याची कबुली संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ या शब्दांत दिली आहे. कबुली दिली, पण पुरावा मागितला तो अर्जदाराकडे. परिणाम असा की, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हुसकावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयातून निघाला. पंधरवड्यात तो स्थगित झाला म्हणून देशभरची लाखो कुटुंबे तूर्त वाचली.

जळगाव-धुळ्याच्या वकील, प्राध्यापक व पेन्शनर मंडळींना आमचे सांगणे याच ठिकाणी आहे. वनहक्काच्या नियमांत गॅझेटियर, जुने नकाशे, मोजणीचे व जमाबंदीचे अहवाल हे पुरावे म्हणून ग्राह्य धरले आहेत, वडीलधाऱ्यांचे जबाबही धरले आहेत. १८८० चे खानदेश गॅझेटियर भिल्लांविषयी पानेच्या पाने लिहिते. जिंकणाऱ्याने आपल्या सोयीसाठी टिपून ठेवलेले हे कागद आज हरलेल्याच्या उपयोगी पडू शकतात, परंतु अक्राणीच्या किंवा यावलच्या पाड्यावरील म्हाताऱ्याने इंग्रजी जाडजूड ग्रंथ कोठून पैदा करावा? राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ चालविणाऱ्या धुळ्यात जुने कागद वाचणाऱ्यांची परंपरा आहे. जिल्हा कचेऱ्यांनी आपल्या दप्तरखान्यांतील गाववार नोंदींच्या मराठी नकला विनामूल्य ग्रामसभांच्या हाती द्याव्यात, आणि त्या वाचून दाखविण्याचे काम या मंडळींनी येत्या पावसाळ्यापूर्वी अंगावर घ्यावे.