गाव चालवावं लागतं

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात सजावटीचा आणि कार्यक्रमाचा विषय होता 'माझं गाव'. थर्माकोलची विहीर, गवताची झोपडी, पुठ्ठ्याची बैलजोडी, डोक्यावर घागर घेतलेल्या दोघीजणी. निवेदनात सांगितलं गेलं की गावाकडची माणसं साधीभोळी असतात, त्यांना कसली घाई नसते, थोडक्यात ती सुखी असतात. परतताना गाडीत माझ्या मुलीने विचारलं, "आई, मग तुमच्याकडे लोक दिवसभर करतात काय?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तासभर तिने जे गाव बघितलं, त्यात खरोखरच कुणी काही करत नव्हतं. मला राग आला तो हे गाव रचणाऱ्या आपल्या मोठ्यांच्या पिढीचा.

माझं माहेर बारामती तालुक्यात सुप्याकडचं, जिरायती. सासर इंदापूर तालुक्यात सणसरच्या बाजूला, बागायती. पाऊस दोन्हीकडे सारखाच तुटपुंजा, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तरी माहेरी उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची आणि सासरी त्याच दिवसांत उसाला पाणी चाललेलं. दोन्ही घरांतला सगळा फरक एका कालव्याने केला. सोयरीक जुळवताना आमच्या वडिलांनी जमीन किती हे नंतर विचारलं, आधी विचारलं, "चारी कितवी आणि पाणी पोचतं का?"

हा कालवा म्हणजे नीरा डावा कालवा. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात तो दुष्काळी काम म्हणून निघाला आणि 1885 च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. त्यात येणारं बरंचसं पाणी भोर तालुक्यातल्या डोंगरात, येळवंडी नदीवर भाटघरला साठतं. तिथलं आताचं धरण 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं. त्या खोऱ्यातल्या डोंगरी गावांनी भातखाचरं आणि घरं पाण्याखाली दिली, तेव्हा खाली आमच्या सपाटीवर ऊस उभा राहिला. आमच्याकडे उसाच्या पैशातून बंगले बांधले गेले, पण भोरच्या त्या माणसांची आठवण आमच्या घरात निघालेली मी फारशी ऐकली नाही. हे ऋण आधी नोंदवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याचा पाया तिथे आहे.

पाणी आलं म्हणजे काम संपलं, असं नसतं. कालव्याला बारा महिने पाणी नसतं. आवर्तन सुटतं. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, पिण्यासाठी किती राखायचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. मग शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाणीपट्टी भरायची. मुख्य कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून शेताचा पाट. कुणाची पाळी कधी, हे पाटकरी सांगतो. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वळवायला, जायचं. माझे सासरे सत्तरी ओलांडल्यावरही बॅटरी आणि खोरं घेऊन जात. साप, थंडी, वरच्या माणसाने मध्येच फोडलेला पाट, सगळं धरून. शेजाऱ्याचं दारं वेळेवर मोडलं नाही तर आपलं पीक वाळतं आणि आपण मोडलं नाही तर त्याचं. भाऊबंदकीत बोलणं बंद असलेली माणसंही चारीवर एकमेकांना वेळ विचारतात, कारण विचारावीच लागते.

यात सगळ्यांत जास्त सोसतो तो टेलचा शेतकरी. कालव्याच्या वरच्या अंगाला, हेडला, पाणी आधी मिळतं. ते इंदापूरच्या खालच्या गावांकडे पोचेपर्यंत किती उरेल याचा भरवसा नाही. इंदापूरच्या बावीस गावांचा पाणीप्रश्न म्हणून जो म्हणतात, तो मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. टेल टू हेड पाणी द्या, म्हणजे शेवटच्या गावाचं भिजवून मग वर या, ही मागणी प्रत्येक आवर्तनाला होते. त्यासाठी मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो, पाटबंधारे खात्याच्या कचेरीत बसकण मारली जाते. शंभराहून जास्त वर्षं ही वाटपाची खटपट चालू आहे. अभियंते विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली ती याच नीरा कालव्यावर, पाणी थोडं आणि मागणारे फार हा तिढा सोडवण्यासाठी. 2005 साली महाराष्ट्राने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला आणि पाणी वापर संस्था निघाल्या. त्यांतल्या काही चालतात, काही कागदावर राहतात. पण अर्ज, मोजमाप, बैठक, तक्रार आणि पुन्हा बैठक ही सवय गावाच्या अंगात मुरलेली आहे.

आता आमच्या इथल्या घराशी ताडून बघा. 2008 च्या डिसेंबरात मेलबर्नमध्ये माणशी दिवसाला 155 लिटर हे ऐच्छिक उद्दिष्ट जाहीर झालं होतं. आम्ही न्हाणीघरात घड्याळ लावलं, बागेला पाणी बंद केलं, बिलावरचे आकडे बघून खूश झालो. काम चांगलंच झालं. पण त्या सगळ्या काळात पाण्यावरून शेजाऱ्याशी एक शब्द बोलावा लागला नाही. पत्र आलं, पाळलं, संपलं. सासरी पाणी म्हणजे शेजारी, सोयरा, विरोधक आणि अधिकारी या सगळ्यांशी बोलणं. मरे नदीच्या शेवटाला बसलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची वरच्या राज्यांविरुद्धची तक्रार मी बातम्यांत ऐकते, तेव्हा मला ती कुणी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या बावीस गावांचंच ते गाऱ्हाणं आहे.

भीमेकडच्या अंगाला दुसरी कथा. 1980 साली उजनी धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्याची कितीतरी सुपीक जमीन फुगवट्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं आणि माणसं बघायला जातात. त्याच फुगवट्यावर भिगवणचा मासळी बाजार उभा राहिला आणि हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे कुंभारगावच्या तरुणांना होड्या चालवायचं काम मिळालं. पण जमीन गेलेल्या तालुक्याला त्या पाण्यातलं किती, हा वाद मिटलेला नाही. 2021 साली उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटलं आणि आदेश रद्द झाला. माझ्या दिरांना तो अन्याय वाटला, सोलापूरकडच्या माढ्यातल्या माझ्या मावसबहिणीला न्याय. दोघांनाही आपापली बाजू आकड्यांनिशी मांडता येते. ही आपली साधीभोळी माणसं.

पाण्यामागोमाग कारखाना. दोन तालुक्यांत मिळून पाच सहकारी साखर कारखाने: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा. सासरचं घर छत्रपतीचं सभासद. उसाची नोंद, तोडीची तारीख, टोळी, काटा, पहिली उचल, अंतिम दर, यांवरच घराचं वर्ष ठरतं. वार्षिक सभेला सासरे अहवाल आधी वाचून, पेन्सिलीने खुणा करून जात. तिथे चौथी शिकलेला माणूस माईक धरून विचारतो की साखरेच्या उताऱ्यात घट का आली आणि हा खर्च कुठल्या खात्यात टाकला. सभा दुपारी सुरू होते आणि दिवेलागण झाली तरी चालू असते. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला किती जण थांबतात, हिशेबाचा कागद किती जण वाचतात, ते प्रत्येकाने मनाशी आठवावं. सहकारात घराणेशाही आहे, गैरव्यवहारांचे आरोप आहेत, हे मी नाकारत नाही. तरी प्रश्न विचारणारा सभासद तिथे अजून आहे.

या चित्रात सगळे सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगरकडून कोयत्याच्या टोळ्या येतात, उसाच्या कडेला कोप्या उभ्या करतात आणि हंगाम संपला की जातात. ऊस ते तोडतात, पण सभेत त्यांना मत नाही. माझ्या माहेरच्या जिरायती गावांना कालव्याचा थेंब नव्हता. तिथे 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून पाझर तलाव झाले, तेही धान्याच्या बदल्यात गावकऱ्यांनी माती वाहून. त्या कामामागे कासा ही चर्चची मदतसंस्था होती आणि बारामतीत जे मिशन होतं ते ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचं. आपण आज ज्या देशात राहतो, तिथल्या माणसांचा हात आमच्या दुष्काळी शिवारात लागला होता. आपल्या मुलांना शाळेत सांगण्यासारखी ही गोष्ट आहे आणि स्टेजवर तिला जागा मिळाली नाही.

आषाढीच्या वाटेचंही तेच. निवेदनात वारी 'भोळ्या भक्तीची' होती. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरेचं स्नान. हे सगळं कोण करतं? कुठल्या आळीने कुठल्या दिंडीला जेवण द्यायचं, पाण्याचे टँकर कुठे उभे करायचे, शाळा कुणाला उतरायला द्यायची, पालखी पुढे गेल्यावर गाव कुणी झाडायचं, हे महिनाभर आधी बसून ठरतं. आमच्या सासूबाई त्या दिवसांत पोळ्यांची जबाबदारी घेत आणि कुठल्या घरून किती येणार हे वहीत लिहून ठेवत. भक्ती आहेच. तिच्याइतकीच मेहनत आणि शिस्तही आहे.

आणखी दोन गोष्टी सलतात. बारामती म्हटलं की आपल्या बैठकीत एकच आडनाव निघतं आणि मग तासभर त्यावरच वाद. त्या गावात कवी मोरोपंत 1794 पर्यंत राहिले आणि लिहिते राहिले, तिथल्या एमआयडीसीत पियाजिओच्या गाड्या होतात, आपली मुलं हट्टाने मागतात ते किंडर जॉय बनतं, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला अवकाशात जाणाऱ्या रॉकेटांचे सुटे भाग घडतात, हे कुणाला सांगावंसं वाटत नाही. दुसरं म्हणजे नाटुकल्यांत गावरान बोली नेहमी हसवण्यापुरतीच येते. माझी मुलगी आजीशी फोनवर त्याच बोलीत बोलते. त्या दिवशी प्रेक्षक का हसले, ते तिला मी काय सांगू?

मला वाटतं, आपण गाव सोडलं तेव्हा त्याची कामं सोडली आणि चित्र तेवढं बरोबर आणलं. चित्र सांभाळायला सोपं असतं, त्याला पाणीपट्टी भरावी लागत नाही. पण मुलांना आपण फक्त चित्र दिलं, तर ती एक तर गावाची कीव करतील किंवा सुट्टीत चार फोटो काढून परत येतील. थोडं पाणी पुष्कळ जणांत वाटणं, न पटणाऱ्या माणसाबरोबर एका संस्थेत राहणं, आपला हिशेब मागणं आणि दुसऱ्याला देणं, हे आपल्या मातीतलं शहाणपण आहे. ते त्यांच्या हाती द्यायला नको का?

हे लिहिताना उपदेश जास्त झाला असेल. ज्यांनी सुट्ट्या खर्चून सजावट केली, मुलांना नाच शिकवले, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि कुणाचं मन दुखावलं असेल तर मी मनापासून क्षमा मागते. आठवण येते म्हणूनच कुणी झोपडी उभी करतं, हे मला कळतं. मलाही त्या घागरीकडे बघून आईच आठवली.

तरी समितीला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी 'माझा तालुका' हा विषय द्या. प्रत्येक घराने आपला एक तालुका घ्यावा. मुलांनी आजी-आजोबांना फोन करून विचारावं, पाणी कुठून येतं, ते कोण वाटतं, जत्रेची वर्गणी कोण गोळा करतं, दूध कुठे घालतात, भांडण झालं तर कुठे मिटतं. त्याचे नकाशे करून भिंतीवर लावू. बारामती आणि इंदापूरचा नकाशा आमच्या घराकडून येईल, भाटघरपासून नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंत. बाकीचे तालुके तुम्ही आणा.