कॉफीच्या शौकिनाला भेट काय द्यावी?

अंबरनाथच्या एका घरी मुलांत वाद चालला होता. कारखान्यातून सेवानिवृत्त झालेल्या बाबांना कॉफी फार आवडते, म्हणून वाढदिवसाला काय द्यावे? धाकट्याने हप्त्यावर कॉफीचे यंत्र घ्यायचे जवळजवळ ठरवलेच होते.

मी बाबांनाच विचारले, "ही आवड लागली कशी?"

ते म्हणाले, "रात्रपाळीला माझा एक तमिळ सोबती होता. घरून थर्मासमध्ये कॉफी आणायचा आणि अर्धी मला द्यायचा. अशी कितीतरी वर्षे प्यालो."

घरी मात्र त्यांनी कधी मागितली नाही. दूध आधी पोरांना पुरायला हवे ना! शिवाय आपल्याकडची कॉफी म्हणजे पाहुणे आले की जायफळ घालून उकळलेली. बाबांच्या जिभेवरची चव वेगळी होती.

ती चव साध्या स्टीलच्या फिल्टरमध्ये मिळते. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोके. वरच्या भांड्यात कॉफीची पूड घालून चकतीने हलकेच दाबावी, उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट अर्क उतरतो. त्यात गरम दूध आणि साखर घालावी. याला वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखेही काही नाही.

फिल्टर उल्हासनगरच्या भांड्यांच्या दुकानांत विचारावा. नाहीतर माटुंगा गाठावे. तेथे दाक्षिणात्य वस्ती जुनी, पूडही ताजी दळून मिळते. जलद लोकल माटुंग्याला थांबत नाही, म्हणून ठाण्याला धीमी गाडी पकडावी.

पाकिटावरची अक्षरे जरूर वाचा. पुडीत चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ, मिसळतात. तिने कॉफी दाट होते आणि स्वस्तही पडते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. पूड एका वेळी शंभर ग्रॅमच घ्यावी, कारण वास लवकर उडतो. आणि उतारवयात संध्याकाळनंतर कॉफी नको. झोप जाते.

मुलांनी यंत्राचा बेत सोडला. फिल्टर आणि पूड आणली. पहिल्याच सकाळी बाबांनी दोन घोट घेतले, डोळे मिटले आणि सुनेला म्हणाले, "घरात थर्मास आहे का गं?"

तो सोबती आता बदलापूरला राहतो. बाबा थर्मास घेऊन नऊच्या आत घराबाहेर पडले होते.

भेट घेण्यापूर्वी आवड विचाराच, पण ती लागली कशी हेही विचारा.