जंतू मेले, धातूंचे काय?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला, तंजावरसह, तमिळनाडूने २०२० मध्ये संरक्षित कृषिक्षेत्र ठरविले. तांबे-जस्त वितळविणाऱ्या नव्या कारखान्यांना तेथे बंदी आहे. उत्तम! पण तसलेच धातू मैलापाण्याच्या गाळातून, खत म्हणून, भातशेतीत उतरले तर? अहमदाबादेत २०१९ मध्ये गॅमा किरणांनी रोज १०० टन सुका गाळ जंतुरहित करण्याचा प्रकल्प उभा राहिला. किरणांनी जंतू मरतात. कॅडमियम तसेच राहते. शहरी कंपोस्टात ते किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. मग गाळाच्या प्रत्येक खेपेचा आकडा गोणीवर छापावा आणि तपासणीचा खर्च गटारात धातू सोडणाऱ्याकडून वसूल करावा. शेतकऱ्यांच्या ‘प्रबोधन’ शिबिरांवरील खर्च तूर्त थांबविला तरी चालेल.