गारव्याचा हिशेब

हैदराबादनजीक पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने २०११ साली एकाच इमारतीच्या दोन भागांत दोन निराळ्या शीतकरण-व्यवस्था योजिल्या. एका भागात नेहमीप्रमाणे थंड हवा खेळविली; दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळ्यांतून गार पाणी फिरविले. या दुसऱ्या भागास वीज सुमारे एक तृतीयांशाने कमी लागली. उभारणीचा खर्चही अधिक आला नाही.

मग मुंबई-पुण्यातील काचबंद मनोरे हा धडा सर्रास का गिरवीत नाहीत? कारण उघड आहे. पुष्कळदा इमारत बांधणारा एक आणि विजेचे बिल भरणारा भाडेकरू दुसराच! ज्याला बचतीचा लाभ नाही तो ती स्वेच्छेने करील, ही आशा भाबडीच होय. म्हणून नकाशा मंजूर करतानाच महापालिकांनी गारव्याचा हिशेब मागावा, असे आम्हांस वाटते.